मालक मागे, मामा पुढे

ऑक्टोबर २०१०. औरंगाबादच्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी गट करून एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या. सगळा मामला सुमारे ६५ कोटींचा. जिथे नळाला रोज पाणी येत नाही त्या गावाला हे कसं परवडतं, म्हणून मुंबई-पुण्याकडच्या वार्ताहरांनी तेव्हा जालना रोडच्या चकरा मारल्या. गाड्यांच्या रांगांचे फोटो छापून आले, गटाने घासाघीस करून सूट कशी पाडून घेतली त्याच्या कथा आल्या. शहरातल्या ड्रायव्हर मंडळींत मात्र निराळाच विषय चालला होता. ज्यांच्याबद्दल हे लिहितोय ते ड्रायव्हर मामा तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत इनोव्हा चालवत होते. ते सांगतात, "त्या दिवाळीपासून मुलाखतीला गेलं की एकच प्रश्न. लायसन्स कोणी बघंना. ऑटोमॅटिक चालवली का कधी, एवढंच."

फारशी कोणी चालवलेली नव्हती. पहिली अडचण डाव्या पायाची. उभ्या आयुष्यात क्लच दाबलेला पाय रिकामा बसेना. तो आपसूक ब्रेकवर जायचा आणि मागचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळायचा. मामांनी त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. सुरुवातीला ते डाव्या पायातली चप्पल काढायचे आणि पाय सीटकडे दुमडून ठेवायचे. तो पाय सरळ झाला की दुसऱ्या पायाच्या कामात लुडबूड करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामा आता साठीला टेकलेत. मालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. नाव छापू नका, असं मामा आणि त्यांचे आताचे मालक दोघांनीही सांगितलं. मामा आता चालवतात त्या गाडीच्या कंपनीचं नावही मी लिहीत नाही. गाडी जर्मन आहे, डिझेलवर चालते, काळी आहे आणि मागच्या माणसाला पाय पसरता यावेत म्हणून मुद्दाम लांब केलेली आहे, एवढं पुरे.

असं लांब करणं हा मुख्यतः आपल्याकडचा आणि चीनकडचा प्रकार. मर्सिडीजने २०१७ मध्ये भारतात लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली. २०२४ साली आलेल्या नव्या ई-क्लासची पुढची आणि मागची चाकं ३०९४ मिलिमीटर अंतरावर आहेत, आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांत ही लांब आवृत्ती एकट्या भारताला मिळाली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही फाइव्ह सिरीज लांब करूनच इथे उतरवली. ई-क्लास जुळवली जाते ती चाकणला. मर्सिडीज १९९४ मध्ये पुणे परिसरात आली, आधी पिंपरीला टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात. ऑडीच्या सेडान तर औरंगाबादजवळ आमच्या शेंद्र्यात जुळवल्या जातात. भारतात गिऱ्हाईक मागे बसतं, हे जर्मनांना फार आधी उमगलेलं आहे. त्यांनी मागे मांड्यांना आधार देणाऱ्या सीट दिल्या, पाठ मागे रेलायची सोय दिली, पडदे दिले.

लांबी वाढवणं सोपं होतं. रडार, कॅमेरे, इशारे, ॲप हा बाकीचा जो पसारा आहे, तो मात्र स्टिअरिंगवर बसलेला माणूसच गाडीचा धनी आहे असं धरून रचलेला आहे. आपल्याकडे त्याची वाटणी होते. सुख मागे जातं, इशारे पुढे येतात आणि चुकलं तर बोलणीही पुढेच. अशा गाडीचं परीक्षण लिहिणारे तिच्यासोबत दोन दिवस काढतात आणि मालक दिवसाचे दोन तास. तिच्यासोबत खऱ्या अर्थाने नांदतो तो पगारी ड्रायव्हर. म्हणून मी मामांच्या शेजारच्या सीटवर बसून मुंबईला गेलो.

पहाटे सावंगीच्या इंटरचेंजवरून गाडी समृद्धी महामार्गावर चढली. मालक मागे लॅपटॉप उघडून बसले. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. मोटारींना इथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मामांनी स्टिअरिंगवरचं बटण अंगठ्याने दोनदा दाबून वेग १२० वर बांधला आणि पाय मागे घेतला.

यापुढे जे होतं ते बघण्यासारखं असतं. पुढच्या जाळीआड असलेलं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं. पुढच्या गाडीवर आपटून त्या परत येतात, आणि त्यावरून तिचं अंतर आणि वेग कळतो. काचेच्या वरच्या कडेला, आरशामागे बसवलेला कॅमेरा पांढरे पट्टे वाचतो. पुढे ट्रक आला की गाडी आपणहून मंदावते, ट्रक बाजूला झाला की आपणहून वेग धरते आणि वळण आलं की स्टिअरिंग हलकंसं फिरवते. समृद्धीवर पट्टे ठसठशीत, आडवी येणारी वाट नाही, दुचाकींना बंदी. श्टुटगार्टच्या इंजिनिअरने मनात धरलेला रस्ता महाराष्ट्रात कुठे असेल तर तो इथेच. पंधराएक मिनिटं मामांनी फक्त एक बोट स्टिअरिंगला टेकवून ठेवलं होतं. तेही काढलं तर पडद्यावर हातांचं लाल चित्र येतं आणि गाडी कटकट सुरू करते.

"बरं वाटतं का?" मी विचारलं.

"बरं वाटतंय तीच तर पंचाईत हाय. पाय रिकामा, हात रिकामा. डोळ्यानं एकट्यानं किती जागायचं?"

सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळे उघडे ठेवून मेंदू झोपतो, अशी चर्चा समृद्धीवरच्या पहिल्या अपघातांपासूनच सुरू झाली होती. गाडीवाल्यांनी यावर उपाय शोधलेला आहे. माणूस पेंगायला लागला की त्याचं स्टिअरिंग फिरवणं बदलतं. थोडा वेळ काहीच नाही, मग एकदम झटका. हा नमुना ओळखणारी यंत्रणा २००९ च्या ई-क्लासमध्ये आली आणि आता ती बऱ्याच गाड्यांत असते. शंका आली की गाडी सूचना देते आणि पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र काढते. मामांना या कपाचा मनापासून राग आहे. "कप दाखवती. चहा कुठं मिळंल ते सांगतीय का? मधी गाडी उभी करायची सोय नाही, मालकांची मीटिंग अकराला. कप बघून काय करू?"

इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी इतकी निवांत निघाली की मागे मालकांना डुलकी लागली. आमण्याला उतरलो, भिवंडीचे ट्रक दिसायला लागले, तसे मामा सरसावून बसले आणि मेनूत शिरून एकेक यंत्रणा बंद करत सुटले. आधी लेन सांभाळणारी, मग पुढच्या गाडीशी अंतर राखणारी. कुठे काय आहे हे त्यांना न बघता येतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की यातल्या काही गोष्टी परत जिवंत होतात, म्हणून हा विधी रोजचा.

कारण त्यांनी सांगितलं ते कुठल्याही परीक्षणात मी वाचलेलं नाही. भिवंडीत दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवलं की ती मोकळी जागा असते आणि मोकळ्या जागेत रिक्षा येते. गाडीला वाटतं, अंतर कमी झालं. ती ब्रेक लावून पुन्हा अंतर करते. त्या अंतरात मोटरसायकल येते. गाडी परत मागे सरते. "असं करत करत आपण औरंगाबादला परत जाऊ," मामा म्हणाले. शहराचं नाव बदललं तरी ड्रायव्हरांच्या तोंडी अजून जुनंच आहे.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकची कथा जास्त गंभीर आहे. एकदा क्रांती चौकाजवळ एक पोरगा स्कूटी घेऊन अगदी नाकासमोरून आडवा गेला. मामांचा अंदाज होता की तो निघून जाईल, आणि तो गेलाही. गाडीला तो अंदाज नव्हता. तिने करकचून ब्रेक मारला. मागे मालकांच्या हातातला चहा शर्टावर आणि फोन खाली. "मामा, काय हे?" "मी नाही मारला, गाडीनं मारला." मालकांनी तेव्हा हे खरं मानलं नाही. पुढे रविवारी स्वतः गाडी घेऊन दौलताबादकडे गेले असताना त्यांच्याही बाबतीत तेच झालं, तेव्हा सोमवारी सकाळी त्यांनी मामांना बोलावून चहा पाजला. ही हकिकत मला मालकांनीच सांगितली, हसत हसत.

गाडीची बाजूही घ्यायला हवी. तो पोरगा घसरून पडला असता तर गाडीचाच अंदाज बरोबर ठरला असता आणि मामांचा पाय उशिरा पोचला असता. यंत्र सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतं. आपल्याकडचा ड्रायव्हर समोरच्याच्या नजरेवरून, खांद्यावरून, हँडलच्या कलावरून तो काय करणार ते ओळखतो. हे दोघे एकाच ब्रेकवर आले की मागच्याच्या शर्टावर चहा सांडणारच.

दसऱ्याला तर वेगळीच गंमत झाली. कारखान्यात यंत्रांची पूजा झाल्यावर गाड्यांची पूजा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा गच्च, ओला हार, बरोब्बर बोधचिन्हावरून सोडलेला. बऱ्याच आलिशान गाड्यांत रडार असतं ते नेमकं तिथेच, बोधचिन्हाच्या किंवा जाळीच्या मागे, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. नारळ फोडून मामांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि थोडं अंतर जाताच पडद्यावर पिवळी अक्षरं आली. पुढचं काही दिसत नाही, अमुक बंद, तमुक बंद. मालकांच्या घरच्या ताई पाठीमागून म्हणाल्या, अपशकुन तर नाही ना? मामांनी उतरून हार दोन वीत बाजूला सरकवला, फडक्याने जाळी पुसली आणि अपशकुन मिटवला. आता दर दसऱ्याला कारखान्यातल्या सगळ्या नव्या गाड्यांचे हार तेच बांधतात.

गाडीच्या पोटाशी जे चालतं ते जास्त खर्चाचं असतं. स्पीड ब्रेकर कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, माथ्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. मी कागदावर हिशेब करून पाहिला. असा ब्रेकर गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराहून रुंद असल्यामुळे पुढची-मागची दोन्ही चाकं एकदम त्याच्यावरच असतात, आणि ३०९४ मिलिमीटरच्या व्हीलबेसला मधोमध त्याचा उंचवटा जेमतेम सात सेंटिमीटर लागतो. लांब सेडानचं पोट त्याला शिवणारही नाही. गावोगावी असतो तो ब्रेकर निराळा. अपघात झाला की संतापलेल्या लोकांनी एका रात्रीत घातलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथे पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि पोट बरोबर मध्ये लटकतं.

मामा तिथे गाडी तिरकी काढतात. एक चाक चढलं, मग दुसरं, मग मागचं एक. तसं केल्याने एका वेळी एकच कोपरा खाली जातो आणि मधला भाग उचललेला राहतो. ज्या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन असतं त्यांत बटण दाबलं की गाडी दोनतीन सेंटिमीटर वर येते. या गाडीला ते नाही. मालकांनी विकत घेताना पैसे वाचवले ते नेमके तिथे आणि खर्च केले छतातल्या रंगीत दिव्यांवर. खरेदीच्या वेळी मामांना विचारलं असतं तर हा क्रम उलटा झाला असता, हे मालकही आता कबूल करतात.

कडा अरुंद असलेल्या मोठ्या चाकांच्या टायरला खड्ड्यात फुगा येतो. दगड उडून काचेला तडा गेला तर काच बदलून भागत नाही, कॅमेऱ्याची जुळणी नव्याने करावी लागते आणि गाडी दिवसभर अडकते. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. त्यावर शोरूमने महागडा फवारा दिला होता. मामांनी तंबाखूची पुरचुंडी बांधली आणि कशाने फरक पडला ते अजून ठरलेलं नाही. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा निकष लागू झाले, तेव्हापासून अशा डिझेल गाड्यांना ॲडब्लू नावाचं द्रावण भरावं लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि बाकी शुद्ध पाणी. त्याचा अमोनिया होऊन तो धुरातल्या घातक वायूंचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. संपत आलं की गाडी किलोमीटर उलटे मोजायला लागते आणि शून्यावर इंजिन चालू व्हायचं नाकारते. हे समजल्यावर मामा म्हणाले, "कापसाला टाकतो तोच की. पोत्यानं आणून ठिवू का?" ठेवू नका, असं मी तातडीने सांगितलं. शेतातल्या युरियाने त्या यंत्रणेचं वाटोळं होईल.

मागच्या सीटविषयी मला जरा कडक बोलायचं आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. आलिशान गाडीत, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरपासून मागच्यांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली, नियम आधीपासूनचा असूनही. बेल्टचा आवाज बंद करायच्या खोट्या क्लिपा इतक्या खपत होत्या की मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या ऑनलाइन दुकानांतून काढायला लावाव्या लागल्या. २०२० च्या एस-क्लासने मागच्या प्रवाशासाठी समोरून फुगणारी एअरबॅग आणली, पण तीही बेल्ट लावलेल्यालाच खरी उपयोगाची. कोट्यवधीच्या गाडीत प्राण वाचवणारी पहिली वस्तू ही पट्टीच, आणि मालक ती लावत नाहीत. झोप नीट लागत नाही म्हणतात. मामांना हे माहीत आहे. मालकाला बेल्ट लावा म्हणायचं कसं, हे मात्र ठाऊक नाही. ते समृद्धीवर चढताना मागची सूचना वाजली की मुद्दाम गाणी बंद करतात, म्हणजे आवाज स्वच्छ ऐकू जावा. त्या दिवशीही केली होती. मालकांनी लावला नाही.

मुंबईत बीकेसीत मालक उतरले आणि खरा दिवस सुरू झाला, थांबण्याचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. मामांसारखे दहाबारा जण डबे उघडून बसले होते आणि बोलणं ॲपवर आलं. गाडी कुठे आहे, कुलूप लावलंय का, डिझेल किती, हे मालकाला फोनवर दिसतं. काही गाड्यांत नकाशावर कुंपण घालता येतं, त्याबाहेर गेली की संदेश. एकाने सांगितलं, मे महिन्यात एसी लावून तो गाडीत बसला तर घरून फोन आला: इंजिन कशाला चालू? दुसरा म्हणाला, त्याला हेच ॲप उपयोगी पडलं. शेजारच्या सोसायटीने गाडी घासल्याचा आळ त्याच्यावर घेतला, तेव्हा गाडी त्या वेळी ठाण्यात होती हे मालकाने फोनवरच दाखवलं. मामांच्या मालकांनी ॲप एकदा उघडलं, पासवर्ड विसरले आणि नाद सोडला. मामांच्या मते मालकांचा हा सगळ्यात मोठा गुण.

मामांच्या गाडीत मागच्या सीटवर मालिश करणारी यंत्रणा आहे. ती चालते का हे बघायला सर्व्हिसिंगनंतर मामा एकदा मागे बसले होते. "गुदगुल्या व्हत्यात," एवढाच त्यांचा अभिप्राय.

जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये एस-क्लाससाठी अशा यंत्रणेला मंजुरी मिळाली की ठरावीक महामार्गांवर, ताशी ६० किलोमीटरपर्यंत, चालकाने रस्त्याकडे बघत राहायची सक्ती नाही. मे २०२२ पासून ती विक्रीला आली. तिथल्या कायद्याने २०१७ मध्येच त्याची तयारी केली होती. आपल्या बाजारातल्या यंत्रणा मदतनीस म्हणूनच विकल्या जातात. गाडीने कितीही केलं तरी स्टिअरिंगवरचा माणूस जबाबदार. नितीन गडकरींनी तर चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, असं अनेकदा बजावलंय. हे मी तळघरात सांगितलं तेव्हा कोणी खूश झालं नाही. एकाने विचारलं, ब्रेक गाडी मारणार, पावती माझ्या नावावर फाटणार, तर नोकरी वाचली म्हणायची की अडकली?

जुन्या एस-क्लासच्या गोष्टी खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो, पण झिरपतात. १९७८ साली एबीएस त्या गाडीतून आलं. आज १२५ सीसीवरच्या मोटरसायकललाही ते सक्तीचं आहे. मामांच्या धाकट्या मुलाने नुकत्याच घेतलेल्या मोटरसायकललाही आहे. रडारवाला ब्रेकही तसाच येईल. तोवर त्याला स्कूटीवरच्या पोराचा खांदा वाचता येतो का, हा प्रश्न आहे.

मालकांच्या डोक्यात सध्या इलेक्ट्रिक सेडान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आणि इलेक्ट्रिकवर ५, तेव्हा त्यांच्या सीएनेच डोक्यात भरवलंय. या वेळी मात्र शोरूमला जाताना त्यांनी मामांना बरोबर घेतलं. मी होतोच. विक्रेता पोरगा मालकांना मागे बसवून पडदे, मालिश, दिव्यांचे चौसष्ट रंग दाखवत होता. मामा खिशातली बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले, मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, डिकी उघडायला लावली आणि तळाचा गालिचा उचलून बघितला.

"स्टेपनी कुठंय?"

"काका, स्टेपनी नसते यात. पंक्चर किट येतं. आणि चोवीस तास मदत असते, एक फोन करायचा."

"मेहकरपाशी रात्री दोन वाजता टायरला फुगा येऊन फुटला तर किटनं भरतं का ते?"

विक्रेत्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी मालिश बंद केली आणि ते मागच्या सीटवरून उतरून डिकीपाशी आले. बुकिंग त्या दिवशी झालं नाही. टेस्ट ड्राइव्ह पुढच्या गुरुवारी ठरली, आणि चालवणार मामा.